डबलडेकर गेली ते बरंच झालं, की एक तरी मार्ग ठेवायला हवा होता?

गिरणगावकर (धागालेखक)

परवा भाच्याला घेऊन सीएसएमटीहून एनसीपीएपर्यंत नव्या एसी डबलडेकरने गेलो. नऊ वर्षांचा पोरगा. धावत वर गेला, अगदी पुढची सीट पकडली, काचेला नाक लावून बसला. दोन मिनिटांनी मागे वळून म्हणाला, "मामा, खिडकी उघडत नाही."

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून लिहितो आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मुंबईत बेस्टची डबलडेकर १९३७ साली आली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जवळपास ९०० डबलडेकर शहरात धावत होत्या. मग त्या कमी कमी होत गेल्या आणि १५ सप्टेंबर २०२३ ला, शुक्रवारी, ४१५ नंबरच्या मार्गावर, अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झकडे, जुनी डिझेलची डबलडेकर शेवटची धावली. त्यानंतर तीन आठवड्यांत पर्यटकांसाठीची उघड्या छताची गाडीही गेली. त्या शुक्रवारी मी रजा टाकून गेलो होतो. हार घातलेली गाडी, मोबाइल उंचावलेली माणसं, आणि एक आजोबा गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवत उभे. बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा.

माझं म्हणणं नीट समजून घ्या. डिझेल हवंच, धूर हवाच असं मी म्हणत नाही. पंधरा वर्षांचं आयुष्य संपलेली गाडी रस्त्यावरून काढावी लागते, मान्य. पण ९०० गाड्यांमधल्या पाच गाड्या नीट दुरुस्त करून, हवं तर इंजिन बदलून, एका मार्गावर ठेवता आल्या नसत्या का? १२३ नंबर होता, आर. सी. चर्चहून निघून मरीन ड्राइव्हने ताडदेवकडे जाणारा. संध्याकाळी वरच्या मजल्यावर पुढे बसलं की समुद्राचा वारा सरळ तोंडावर. साध्या बसच्या तिकिटात. मुंबईत समुद्रासमोरच्या पहिल्या मजल्याची खिडकी कामगाराच्या पोराला एरवी कुठे मिळते?

आणि लालबागचा उड्डाणपूल व्हायच्या आधी वरच्या मजल्यावरून चाळींच्या गॅलऱ्या अगदी डोळ्यांच्या रेषेत यायच्या. कठड्यावर टाकलेली चादर, आरसा खिळ्याला लावून दाढी करणारा माणूस, तुळशीला पाणी घालणारी बाई. सिग्नलला गाडी थांबली की ते आपल्याकडे बघायचे, आपण त्यांच्याकडे. माझी आई गिरणीतून सुटलेल्या बाबांसाठी अशाच गॅलरीत उभी राहायची आणि बाबा वरच्या मजल्यावरून हात करायचे. थांबा पुढे होता. ते चालत येईपर्यंत चहाला आधण आलेलं असायचं.

एक मार्ग ठेवायला हवा होता. मला तरी यात काही गैर वाटत नाही. तुमचं मत सांगा.


डेपोतला माणूस

वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं काढली आहेत, त्यातली बरीच डबलडेकरखाली पाठीवर पडून. त्यामुळे हे लिहिताना मला आनंद होत नाहीये. पण तुमचं म्हणणं मला पटत नाही.

मागचा जिना आठवतो ना? गाडीला दार नव्हतं. जून ते सप्टेंबर पाऊस थेट त्या जिन्यावर. पाणी पायरीच्या सांध्यात मुरायचं, आतून गंज चढायचा. वरून रंग असा चकचकीत की बघणाऱ्याला कळायचं नाही. आम्ही हातोडीने ठोकून बघायचो. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला 'थप' असा आवाज करतो. शेवटच्या वर्षांत 'थप'च जास्त. एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला काढून लावायचा, तिसरी त्यासाठी उभी ठेवायची. गाड्या कमी झाल्या की सुटे भाग बनवणाऱ्यालाही त्यात पैसा दिसत नाही, तो बनवायचं बंद करतो.

"इंजिन बदलून" हे लिहायला सोपं आहे. डिझेल इंजिनाच्या जागी बॅटरी टाकायची म्हणजे वजनाचा सगळा हिशेब बदलतो. उंच गाडीत वजन कुठे बसतं यावर ती वळणावर कशी झुकते ते ठरतं. पंधरा वर्षं खड्डे खाल्लेल्या चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, हा प्रयोग करून त्यात माणसं भरा, असं मी सही करून देणार नाही.

शिवाय कायदा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी आणि परिवहन उपक्रमांच्या गाड्यांची नोंदणीच रद्द होते. नोंदणी नाही ती गाडी रस्त्यावर कशी आणणार?


काळाचौकी ते फोर्ट

गिरणगावकर दादा, लेख वाचून डोळ्यांत पाणी आलं हे आधी सांगते. आता भांडते.

तुम्हाला आठवते ती खिडकी. मला आठवतो तो जिना.

अठरा वर्षं नोकरीला जाताना डबलडेकर होती. साडी, खांद्याला पर्स, हातात डबा. वळणदार जिना, अर्ध्यात असताना गाडी सुटायची. एका हाताने दांडा, दुसऱ्या हाताने निऱ्या. खालून चार पुरुष चढत असायचे आणि त्यातल्या सगळ्यांच्या नजरा सरळ नसायच्या. म्हणून मी आणि माझ्या मैत्रिणी खालीच, गर्दीत उभ्या राहायचो. वर जागा असली तरी. तो वारा, तो समुद्र, ती चाळीची गॅलरी आम्ही फारशी बघितलीच नाही.

आईचे गुडघे गेल्यावर तर तिच्यासाठी डबलडेकर आली काय आणि न आली काय. ती मागची साध्या उंचीची बस येईपर्यंत थांबायची.

नव्या गाडीला दोन दारं आहेत, ती बंद होतात, वर जायला दोन जिने आहेत, कॅमेरे आहेत. मागच्या महिन्यात मी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा निवांत वर जाऊन बसले. खिडकी उघडत नाही, खरं आहे. पण मी वर होते.


थांब्यावरचा

तुम्ही तिघेही सुंदर लिहिता आहात, पण भांडण चुकीच्या गोष्टीवर चाललंय असं मला वाटतं.

जुनी की नवी, हा प्रश्न थांब्यावर उभ्या माणसाचा नाही. त्याचा प्रश्न एकच, गाडी येणार का. डबलडेकरचं खरं मोल काय होतं? एका फेरीत जवळपास दोन गाड्यांची माणसं, रस्त्यावर जागा एका गाडीची. वांद्रे स्टेशन ते कुर्ला स्टेशन ३१० नंबर आठवा. लोकल येऊन गेली की बाहेर पडलेला लोंढा ती गाडी एका दमात उचलायची. आज त्या लोंढ्यातला अर्धा शेअर रिक्षाच्या रांगेत आहे.

नव्या एसी डबलडेकर ९०० येणार असं जाहीर झालं होतं. रस्त्यावर दिसल्या त्या ५० च्या आसपास. २०१९ साली कामगार संघटनेबरोबरच्या करारात बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या ३,३३७ गाड्या राखायचं ठरलं होतं. आज स्वतःच्या गाड्या हजाराच्याही खाली आहेत, बाकी सगळ्या कंत्राटदाराच्या, भाड्याच्या. आणि मे २०२५ मध्ये किमान भाडं साध्या बसला ५ चे १० झाले, एसीला ६ चे १२.

मला जुनी डबलडेकर परत नको. मला तिच्याइतकी माणसं नेणाऱ्या गाड्या तिच्याइतक्या संख्येने हव्या आहेत. गाडी बदलली म्हणून माझी हरकत नाही. ९०० च्या जागी ५० आल्या, याला हरकत आहे.


गिरणगावकर

@काळाचौकी ते फोर्ट, ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आई कधी वर बसल्याचं मलाही आठवत नाही. बाबा आणि मी वर, आई खाली. त्या वेळी वाटायचं, तिला जिना आवडत नाही. कधी विचारलंही नाही.

पण म्हणून मी मुद्दा सोडत नाही. जिना अरुंद होता तर रुंद करा, दार नव्हतं तर दार लावा. गाडीत दोष होते, म्हणून तिची आठवणसुद्धा भंगारात द्यायची?

@डेपोतला माणूस, काका, पत्र्याच्या आवाजाचं वाचून अंगावर काटा आला. नोंदणीचा मुद्दा मला ठाऊक नव्हता, तो मान्य. तरी विचारतो, जुनी चेसिस नको, पण नव्या इलेक्ट्रिक चेसिसवर जुन्या घडणीची, उघडणाऱ्या खिडक्यांची बॉडी बांधता येत नाही का?


हिरवी वाट

दोन ओळीच लिहिते. माझ्या मुलाला दमा आहे. शाळेसमोर बसचा थांबा आहे. डिझेलची गाडी सुटताना जो काळा लोट यायचा तो पहिल्या मजल्यावरच्या वर्गात जायचा, खिडकी लावली तरी. आता इलेक्ट्रिक गाडी थांबते आणि जाते, मुलांना कळतही नाही.

वीज कोळशापासूनच येते असं कोणी म्हणायच्या आधी सांगते, हो, बरीचशी येते. पण ती चिमणी शाळेच्या खिडकीबाहेर नाही. ज्यांना त्या गाडीच्या आठवणी प्रिय आहेत त्यांच्याबद्दल आदर आहे. माझ्या मुलाचा श्वास मला जास्त प्रिय आहे.


वरचा कंडक्टर

हे नाव खरं आहे. डबलडेकरवर दोन कंडक्टर असायचे, एक खाली, एक वर. मी बहुतेक वर.

धाग्यात एक गोष्ट कोणी बोललं नाही. डबलडेकर धुरामुळे कमी झाल्या नाहीत. कायदा आला २०२३ साली. ९०० च्या मूठभर झाल्या त्या त्याच्या कितीतरी आधी. हिशेब साधा होता: एका गाडीला दोन कंडक्टरचा पगार. गर्दीच्या वेळी दोघांचा पगार सहज निघायचा, दुपारी निघायचा नाही. कागदावर दुपारचा आकडा वाईट दिसायचा. मग जुनी गाडी निवृत्त झाली की तिच्या जागी एकमजली यायची. असं करत करत संपल्या. गाडी म्हातारी झाली म्हणून मार्ग गेला नाही, पगार दोन होते म्हणून गेला. मग आता "तिचं वयच झालं होतं" असं म्हणून हात झटकणं मला बरोबर वाटत नाही.

आणि त्या दुसऱ्या पगारात काय मिळायचं ते सांगतो. वरच्या मजल्यावर उभं राहायची परवानगी नव्हती. सीट भरल्या की मी जिन्याच्या तोंडाशी उभा राहून हात आडवा करायचो. खालच्याला हाक मारायची, "वर फुल्ल!" तो खाली तेवढीच माणसं घ्यायचा आणि दोरी ओढायचा. एक घंटी थांब, दोन घंट्या चल. दोघांचा मेळ नसला तर चढणारा माणूस जिन्यात लटकायचा. मेळ असला की अख्खी गाडी विनातक्रार जायची. सकाळच्या फेरीला वर तीच माणसं, त्याच सीटवर. पुढच्या उजव्या सीटवर एक आंधळे गृहस्थ बसायचे. मी एकदा विचारलं, काका, इथेच का? म्हणाले, इथे वारा पहिला येतो, वाऱ्यावरून मला कळतं कुठे आलो ते. भायखळ्याला भाजीचा वास, पुढे डॉकयार्डकडे वळलं की खारा.

@काळाचौकी ते फोर्ट, ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. जिन्यात बायकांना त्रास व्हायचा, आम्ही बघितला आहे, कधी ओरडलो आहे, कधी गर्दीत दिसलंच नाही. पण आता दार बंद करणारं बटण आहे आणि वर बघायला माणूस नाही. कॅमेरा बघतो, पण तो मधे पडत नाही. मला बंद दार आणि वरचा माणूस, दोन्ही हवं आहे.


परदेशस्थ पार्लेकर

लंडनचं उदाहरण कोणीतरी देणारच, मीच देतो, कारण ते दोन्ही बाजूंना लागू पडतं.

तिथली मागून उघडी, लाल रूटमास्टर डबलडेकर ९ डिसेंबर २००५ ला १५९ नंबरच्या मार्गावरून रोजच्या सेवेतून गेली. काढण्याचं मोठं कारण व्हीलचेअर आणि बाबागाडी, उघड्या मागच्या पायरीवरून ती चढवताच येत नव्हती. तेव्हा लोक असेच हळहळले. मग गिरणगावकर म्हणतात तसंच केलं: ९ आणि १५ या दोन मार्गांच्या तुकड्यांवर काही जुन्या गाड्या वारसा म्हणून ठेवल्या. आधी एक बंद झाला, काही वर्षांनी दुसराही. कारण तेव्हा नेहमीच्या प्रवाशांसाठी शेजारून आधुनिक गाडी जात होतीच, जुनी गाडी हळूहळू फोटोपुरती उरली.

म्हणजे मार्ग ठेवून गाडी वाचतेच असं नाही. रोजचा माणूस तिच्यात बसायला हवा.


डेपोतला माणूस

@गिरणगावकर, नव्या चेसिसवर उघडणाऱ्या खिडक्यांची बॉडी बांधता येते का, तर येते. बस बांधणीत अशक्य काही नाही. एसी नसेल तर बॅटरीवरचा भारही कमी होतो, तेवढ्याच चार्जिंगमध्ये गाडी जास्त पळेल. पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली बसून बघितलंय का कधी? मी बघितलंय, दुरुस्तीला. पाठ सीटला चिकटायची. समुद्राचा वारा मरीन ड्राइव्हला येतो, कुर्ल्याच्या सिग्नलला येत नाही.

@वरचा कंडक्टर, दुपारच्या आकड्याचं तुम्ही बरोबर सांगितलंत. आम्ही वर्कशॉपवाले डिझेल आणि सुट्या भागांचा खर्च दाखवत बसायचो, पगाराचा तक्ता दुसऱ्या टेबलावर असायचा. दोन्ही एकत्र बघितलेले आठवत नाहीत.

जुनी गाडी सांभाळायचीच असेल तर आणिक डेपोत बेस्टचं संग्रहालय आहे. तिथे छपराखाली, कोरड्या जागेत, आतून गंज काढून ठेवा. मुलांना जिना चढू द्या, दोरी ओढू द्या. एवढं काम मी फुकट येऊन करीन, माझ्याबरोबरचे अजून चौघे येतील. उघड्यावर ठेवलीत तर दोन पावसाळ्यांत जिना गळून पडेल, मग मला बोलवू नका.


थांब्यावरचा

संग्रहालयाला विरोध नाही. पण आपण ट्रामचं काय केलं ते आठवा. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते. बस आली आहे, वेगवान आहे, ट्राम रस्ता अडवते, असं तेव्हा सांगितलं गेलं. आणि आज त्याच शहरात जमिनीखालून आणि डोक्यावरून रूळ टाकतो आहोत. निरोप द्यायला आपण पटकन जमतो. आपल्याला वाहून नेणारी पुढची गाडी किती संख्येने येते आहे, हे विचारायला कोणी जमत नाही.

अजून एक. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात इलेक्ट्रिक बसचा जो भीषण अपघात झाला, त्यानंतर ऑटोमॅटिक गाडीवर चालकांना सराव किती दिला जातो हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. नवी गाडी आणली म्हणजे सगळं नवं झालं असं होत नाही. ती चालवणारा माणूस कुणाच्या पगारावर आहे, त्याला किती दिवस शिकवलं, हेही गाडीचाच भाग आहे. वरच्या कंडक्टरांनी मेळाबद्दल लिहिलं ते मला त्याच्याशी जोडलेलं वाटतं.


गिरणगावकर

मी सुरुवात केली होती पाच जुन्या गाड्यांपासून. डेपोतल्या काकांनी ती सोडायला लावली. जुनी चेसिस नको, पटलं. 'हिरवी वाट' यांच्या मुलाच्या वर्गाबाहेर डिझेल नको, त्यावर तर बोलायलाच नको.

पण मार्गाचा मुद्दा सोडवत नाही. आता असं म्हणतो: ३१० वर नव्या डबलडेकर भरपूर हव्यात. १२३ वर त्यातल्याच चार-पाच बिनएसीच्या, वरच्या खिडक्या उघडणाऱ्या, साध्या तिकिटाच्या. पर्यटकांसाठी वेगळं जादा तिकीट नाही, रोजच्या पासवर चालणाऱ्या. पार्लेकर म्हणतात तसं रोजचा माणूस बसला तरच ती टिकेल, म्हणून ती रोजच्या माणसाचीच हवी. आणि वर एक कंडक्टर.

दुपारचा आकडा वाईट येईल. येऊ दे. बागेचा दुपारचा आकडा कोण बघतं?


हिरवी वाट

बागेला खर्च येतो आणि तो पालिका देते. बसचा खर्च द्यायची वेळ आली की उपक्रम स्वतःच्या पायावर उभा राहू दे म्हणतात. हा फरक आधी मिटवायला हवा. बाकी खिडक्या उघडणारी इलेक्ट्रिक चालेल मला.


वरचा कंडक्टर

गिरणगावकर, भाच्याला सांगा, खिडकी उघडी असताना हात बाहेर काढायचा नाही. मरीन ड्राइव्हला ठीक, पण पुढे झाडांच्या फांद्या अगदी गाडीला घासून जातात. आम्ही पावसाळ्याआधी ओरडून ओरडून सांगायचो, तरी एखादं पोर पानं ओरबाडायचंच. शेवटच्या थांब्यावर वरचा मजला झाडला की मूठभर गुलमोहर निघायचा.


काळाचौकी ते फोर्ट

१२३ ला उघड्या खिडक्या ठेवा, वर माणूस ठेवा. पण दार लावा आणि जिना रुंद करा. मग आईला घेऊन येते. ती अजून एकदाही वर बसलेली नाही.